हरकत राखून घेतलेला प्लग-इन

“हात काढ! हात काढ म्हंतो त्या डबीवरनं!”

तात्यांनी असा आवाज लावला की माझ्या दुकानातली माणसं तर दचकलीच, समोर स्टँडवर लागलेली महाडची एसटीसुद्धा दोन फूट मागं सरकली. डबी म्हणजे माउस. मी तो सोडला. राजीखुशीनं नाही, तात्यांनी माझं मनगट धरलं होतं म्हणून. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाची पकड अशी होती की अजून थंडीत तिथं कळ येते. डॉक्टर म्हणतात संधिवात आहे. त्या दिवशी डॉक्टर दुकानात नव्हते, मी होतो.

“तात्या, नुसतं ‘मान्य आहे’ वर दाबायचंय. दाबलं की चित्र चालू.”

“काय मान्य हाय?”

“हे... जे लिहिलंय ते सगळं.”

“तू वाचलंस?”

तोवर मी ते बटण कमीत कमी दोन हजार वेळा दाबलं असेल. भोर शहरात माझ्याएवढं ‘मान्य आहे’ म्हणणारा माणूस कुणी नव्हता, नवरे धरून. पण त्याच्या वर ती जी इंग्रजीची बारीक अक्षरांची चळत असते, ती एकदाही वाचलेली नव्हती. वाचायची असते हेच माहीत नव्हतं.

“न्हाई वाचलं,” मी म्हणालो.

“मग तुला आन् मला काय मान्य हाय हे तुला कुणी सांगितलं?”

आणि त्यांनी खुर्ची ओढून पडद्यासमोर अशी ठेवली, की आता हा माणूस उठायचा नाही हे मला कळलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. चार वाजता एका मुलीच्या लग्नाचा होकार किंवा नकार द्यायचा होता.

आता हे सगळं समजायला आधी धंदा समजायला हवा. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. हसू देत.

आमच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्याच्या निम्म्या जागेत प्लायवूडची आडभिंत घालून मी दोन कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर ‘इंटरनेट’ अशी पाटी लावली. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत तेव्हा इंटरनेटला बसायची तेवढीच जागा होती. निदान मी तरी तसंच सांगत आलोय आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही. ज्या पुण्याच्या दुकानदाराकडून मशीन घेतलं तो पैसे मोजता मोजता म्हणाला होता, “भोरला ना? मजकूर येईल. हलतं चित्र, गाणं-बिणं विसरा.” मी तिथंच मनात म्हणालो, थांब लेका. भोरला हलतं चित्र हलवून नाही दाखवलं तर नाव रशीद सांगणार नाही.

तर त्या काळी ब्राउझर म्हणजे नुसता मिक्सर. मिक्सर असतो, पण चटणी वाटायची तर चटणीचं भांडं वेगळं लावावं लागतं ना? तसं. ब्राउझर मजकूर दाखवायचा, फोटो दाखवायचा. पण पानावर गाणं किंवा हलतं चित्र असलं की तिथं एक करडा चौकोन यायचा आणि सांगायचा, तुमच्याकडे भांडं नाही, हे इथून उतरवून घ्या. ते भांडं म्हणजे प्लग-इन. ते फुकट मिळायचं, पण ते यायचं टेलिफोनच्या तारेतून, आणि आमच्या भोरची तार अशी होती की शेजारच्या उत्रोलीत कुणी शिंकलं तरी माझी जोडणी तुटायची. एक प्लग-इन उतरवायला दीड-दोन तास. शेवटच्या टप्प्यात तुटलं की परत पहिल्यापासून. लोक शिदोरी बांधून यायचे. एकजण बसल्या बसल्या दाढी वाढवून घरी गेला.

त्यात माझा फोन म्हणजे आख्ख्या आळीचा फोन. ज्यांच्याकडं फोन नाही ते लग्नपत्रिकेवर बिनदिक्कत माझा नंबर छापायचे आणि पुढं ‘पी.पी.’ लिहायचे. शेजारी. म्हणजे इकडं मी प्लग-इन उतरवतोय, तिकडून कुणाची तरी आत्या फोन लावतेय, की तुटलं. आत्याला कळवायचं असायचं की ती सुखरूप पोचली.

आणि गिऱ्हाइकं! उत्रोलीचे एक भातवाले बुवा आले. त्यांना पोराच्या कॉलेजचं हलतं पान बघायचं होतं. मी दोन तास खपून प्लग-इन बसवला, त्यांनी पान बघितलं, खूश झाले. उठताना म्हणाले, “झालं माझं. आता काढून घे.” मी म्हणालो, काय काढू? म्हणाले, “त्ये बसवलेलं. दुसऱ्या कुणाला लागंल. दुसऱ्याची वस्तू वापरून झाली की परत द्यावी, आमी तसलं न्हाई.” काय करणार? मी पडद्यासमोर हात फिरवला, काहीतरी घडी घातल्यासारखं केलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं. बुवा समाधानानं गेले. पुढच्या महिन्यात आले तर म्हणाले, “हाय का मोकळा, का कुणाकडं गेलाय?”

असो. तात्या.

तात्या वेल्हे तालुक्यातले, मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीतले. दोन गाड्या बदलून सकाळी दहाला नातीला घेऊन आले. नात सुनंदा. शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं झालेलं, बारीक अंगाची, बोलणं मोजकं. तिला स्थळ आलं होतं अमेरिकेचं. मुलगा कॉम्प्युटरमधला. सहा महिन्यांत फोटो दोन आले होते, मुलगा एकदाही आला नव्हता. दिवाळीत येणार, लग्न करणार आणि घेऊन जाणार, असं ठरवून त्याचे मामा पुण्याहून गाडी करून भोरला आले होते. त्यांना चारपर्यंत उत्तर हवं होतं. चार वाजता नाही मिळालं तर ते पुढं दुसऱ्या मुलीकडं जाणार होते, तसं त्यांनी चहा पिता पिता तीनदा सांगितलं.

घरातल्या सगळ्यांचं म्हणणं, हो म्हणा. फोटो चांगला आहे, पगार चांगला आहे. एकट्या सुनंदानं सांगितलं होतं की चालता-बोलता बघितल्याशिवाय सांगणार नाही. आणि तात्या तिच्या बाजूला उभे राहिले. मामा हसून म्हणाले होते, “मग बघा ना! भाच्यानं स्वतःची वेबसाईट केलीय, त्यात त्याचा व्हिडिओ आहे. इंटरनेटवर बघा.” हसून अशासाठी, की त्यांना वाटलं ही माणसं इंटरनेट कुठं शोधणार? त्यांना माझी पाटी माहीत नव्हती.

मी पान उघडलं. मुलाचं नाव आलं, फोटो आला आणि मधोमध तो करडा चौकोन.

“आमच्याकडं प्लग-इन आहे,” मी ऐटीत म्हणालो. पण चौकोन म्हणाला, तुमचा जुना आहे, नवा घ्या. मुलगा अमेरिकेत बसून नव्यात नवी वस्तू वापरत होता. भोरला मामा पाठवताना त्यानं भोरच्या तारेचा विचार केला नव्हता.

सकाळी साडेदहाला उतरवायला लावलं. साडेबाराला शंभरातले ब्याण्णव झाले आणि कुणाची तरी आत्या सुखरूप पोचली. परत शून्य. तेव्हा मी रस्त्यावर आलो आणि आळीला सांगितलं, “आज एका मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे. अडीच वाजेपर्यंत माझ्या नंबरावर कुणाचाही फोन येता कामा नये. ज्यांनी ज्यांनी पी.पी. दिलाय त्यांनी आपापल्या आत्या आवरा.” आणि काय सांगू, आळीनं ऐकलं! दोघंजण पीसीओवर गेले आणि स्वतःच्या पदरच्या पैशांनी नातेवाइकांना कळवून आले की आज फोन करू नका. पुण्याचा दुकानदार मजकुरापुरतं बोलत होता, ते खरं म्हणजे त्याला भोर माहीत नव्हतं म्हणून.

पावणेतीनला शंभर झाले. मी टाळी वाजवली. अटींची ती चळत उघडली, मी सवयीनं ‘मान्य आहे’ कडं माउस नेला, आणि तात्यांनी मनगट धरलं.

“सुनंदा, वाच.”

सुनंदानं वाचायला सुरुवात केली. एक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत. तात्या डोळे मिटून ऐकत होते. पलीकडं अब्बांनी डोळ्याचं भिंग काढून ठेवलं आणि तेही ऐकायला लागले.

“ह्याच्यामुळं काही नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही.”

“हं. फुडं.”

“कंपनी ह्यात केव्हाही बदल करील, तो तुम्हाला सांगायची गरज नाही.”

“फुडं.”

“तुम्ही हे उघडून आत काय आहे ते बघायचं नाही.”

“अस्सं.”

“काही वाद झाला तर तो त्यांच्या गावच्या कोर्टात चालंल.”

तात्यांनी डोळे उघडले. “म्हंजी भांडान झालं तर आपुन अमेरिकेला जायाचं?”

“तसं लिहिलंय.”

“त्यांनी वेल्ह्याला यायचं असं कुठं लिव्हलंय?”

“कुठंच नाही.”

मी मधे पडलो. “तात्या, अहो जगात कुणी हे वाचत नाही! सगळे दाबतात!”

“रशीद,” तात्या म्हणाले. आता आवाज चढा नव्हता. “आमची वाडी धरनात गेली तवा एक कोटवाला मानूस आला हुता. म्हनला, नुसता अंगठा लावा, सगळे लावत्यात. माज्या बापानं लावला. वाचता येत हुतं त्याला, चौथी शिकल्याला. पर सगळे लावत्यात म्हनून न्हाई वाचलं. तवापास्नं आमच्या घरात न वाचता कुनी सही करत न्हाई.”

तेवढ्यात मामा दारात. मनगटावर बोट ठेवून. “काय तात्या, झालं का बघून? मला निघायचंय.”

“आजून तीन वाजायच्यात,” तात्या म्हणाले आणि अब्बांच्या भिंतीकडं बोट केलं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली तीस-चाळीस घड्याळं. प्रत्येकात वेगळी वेळ. एकात तर पहाटेचे साडेपाच. मामांनी सगळ्या भिंतीवर नजर फिरवली, स्वतःच्या घड्याळाकडं संशयानं बघितलं आणि परत चहाला गेले.

आता काय करायचं? मान्य म्हणावं तर तात्या दाबू देईनात. अमान्य म्हणावं तर प्लग-इन बसत नाही, व्हिडिओ दिसत नाही, आणि पोरीला फोटोवर हो म्हणावं लागणार. सुनंदानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि बोट पांढरं पडलं होतं.

तात्यांनी विचार केला. मग म्हणाले, “हरकत राखून घेऊ.”

“म्हणजे?”

“म्हंजी काय? जमिनीचं पैसं आमी तसंच घेतलं हुतं नंतर. पैसं घ्येतो, पर तुमचा भाव मान्य न्हाई, असं लिव्हून द्यायचं. हितं हरकत कुठं लिव्हायची ते दाखव.”

मी पडद्यावर शोधलं. दोन बटणं. मान्य आणि अमान्य. तिसरं नव्हतं. एवढी मोठी कंपनी, एवढे शिकलेले लोक, आणि हरकत नोंदवायला एक रेघ सोडली नव्हती! त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या कंपनीचा राग आला. मी ड्रॉवरमधून फुलस्केप काढला.

तात्यांनी सांगितलं, सुनंदानं लिहिलं. मला अजून पाठ आहे.

‘विषय: प्लग-इन हरकत राखून घेणेबाबत. महोदय, आपल्या अटी आम्ही वाचल्या. नुकसानीची, बदलाची व कोर्टाची अट आम्हांस मान्य नाही. वाद उद्भवल्यास तो वेल्हे येथे चालावा. तथापि नातीचे स्थळ पाहणे निकडीचे असल्याने आम्ही बटण दाबत आहोत. याचा अर्थ आम्हांस सर्व मान्य आहे असा कोणी घेऊ नये. कळावे.’

खाली तात्यांची सही. साक्षीदार सुनंदा.

“आता पोच दे,” तात्या मला म्हणाले.

“मी? मी कंपनीचा कोण?”

“तुज्या दुकानात त्यांचा माल उतरतोय न्हवं? मग तूच.”

शिक्का होता तो अब्बांचा. मी तो उमटवला. त्यावर लिहिलेलं, ‘दुरुस्तीसाठी स्वीकारले. मालाची जबाबदारी राहणार नाही.’

सुनंदानं ते मोठ्यानं वाचलं. तात्या वळून अब्बांकडं बघायला लागले. तीस वर्षं अब्बांचा तो शिक्का चालत होता. अब्बा उठले, पेन घेतलं, दुसरी ओळ आडवी खोडली आणि बाजूला सही केली. “घ्या तात्या,” म्हणाले, “आम्ही जबाबदार.”

मग तात्यांनी माउसवर स्वतःचं बोट ठेवलं आणि ‘मान्य आहे’ असं दाबलं, की टेबल हललं.

प्लग-इन बसला. करडा चौकोन गेला. तिथं काडेपेटीएवढी खिडकी उघडली आणि तिच्यात थांबत, अडखळत, गालाचे चौकोनी तुकडे होत, एक माणूस हलायला लागला. भोरमध्ये! स्टँडसमोर! मी उठून दाराबाहेर जाऊन एकदा पुण्याच्या दिशेनं बघून आलो.

मुलगा दिसायला नीटस होता. टाय होता. मागं गाडी होती. “ही माझी गाडी,” म्हणाला. मग “हे माझं घर,” “हे माझं ऑफिस.” शेवटी कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, “माझ्या अपेक्षा फार नाहीत. येणारीनं नोकरीचं डोक्यात ठेवू नये. गावाकडं फार येणं-जाणं ठेवू नये, मला ते जमत नाही. बाकी तिनं जुळवून घ्यावं.” आणि हसला. ते हसू तारेत अडकलं आणि खिडकीत तसंच अर्धा मिनिट राहिलं.

सुनंदा म्हणाली, “परत लावा.”

परत लावलं. गाडी, घर, ऑफिस, अपेक्षा.

“आणि एकदा,” ती म्हणाली.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मामा माझ्या खांद्यामागं येऊन उभे होते. व्हिडिओ संपला आणि त्यांनी हात चोळले. “मग? बघितला चालता-बोलता! चार वाजले. काय समजू?”

तात्या म्हणाले, “ह्याच्या बी अटी हायेत की.”

“अटी कसल्या हो, अपेक्षा आहेत! मुलगा सरळ बोलतो. आणि जगात सगळे हेच म्हणतात.”

ते ‘सगळे’ ऐकल्यावर तात्या खुर्चीतून उठले. मला वाटलं आता मामांचं मनगट गेलं. पण ते सुनंदाकडं वळले.

“सुनंदा, ह्ये काय प्लग-इन न्हाई. हितं हरकत राखून घेता येत न्हाई. व्हय म्हंजी व्हय आन् न्हाई म्हंजी न्हाई. घरच्यांचं म्या बघतो. तू सांग.”

सुनंदानं बोटाचा पदर सोडला. “न्हाई,” ती म्हणाली.

मामा तात्यांवर नाही ओरडले. माझ्यावर ओरडले. “तुमच्या ह्या खोक्यामुळं! फोटोवर सगळं जमलं होतं! चांगल्या मुलीचं वाटोळं केलंत. मी बघतो तुमचं दुकान कसं चालतं ते!”

मी शिक्का मारलेला कागद त्यांच्यासमोर धरला. “बघा ना मामा. तक्रार असेल तर वेल्ह्याला चालंल.” त्या एका वाक्यासाठी मी इंटरनेटचा धंदा काढला होता असं मला त्या वेळी वाटलं. मामांची गाडी इतक्या जोरात गेली की अब्बांच्या भिंतीवरची दोन बंद घड्याळं चालू झाली.

आता ते प्लग-इन मेले सगळे. ब्राउझर स्वतःच सगळं दाखवतो, भांडं लावायला लागत नाही. जुनी पानं उघडली तर तो करडा चौकोन म्हणतो, हे आता चालत नाही. माझ्या हातात जी कला होती, ती एका सकाळी निकामी झाली. कुणी विचारलंही नाही. ‘केव्हाही बदल करील, सांगायची गरज नाही,’ असं त्यांनी लिहिलेलंच होतं म्हणा, आणि मी ते दोन हजार वेळा मान्य केलेलं. तात्या एकटेच हरकत नोंदवून गेले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतो. कुणी म्हणतं, रशीदभाई, तो सगळा कचरा होता, वेळ घालवलात. मी म्हणतो, कचरा तुझा. दोन तासांत तीन मिनिटं उतरवून एका पोरीला डोळ्यांनी बघून ‘न्हाई’ म्हणता आलं. तुझ्या खिशातला फोन दिवसभर व्हिडिओ दाखवतो, त्यातला एक तरी तू असा बघितलायस का?

ही गोष्ट मी वीस-पंचवीस वर्षं सांगत आलो आणि सांगता सांगता ती वाढली, हे कबूल. मुख्य वाढली ती तिसऱ्यांदा व्हिडिओ लावला त्या जागी. दोनदा बघून पोरगी गप्प होती, तिसऱ्यांदा बघितल्यावर नाही म्हणाली, म्हणजे तिसऱ्यांदा तिला काहीतरी दिसलं. काय दिसलं? एका वर्षी मी सांगायचो की गाडीच्या काचेत दुसऱ्या बाईचं प्रतिबिंब होतं. पुढच्या वर्षी सांगायचो की गाडीवर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. एकदा रंगात येऊन सांगितलं की घरच खोटं होतं, मागं रंगवलेला पडदा होता आणि तो वाऱ्यानं हलला. लोक श्वास रोखून ऐकायचे.

मागच्या वर्षी सुनंदा स्टँडवर भेटली. वेल्ह्याकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे, केस पांढरे झालेत, हातात वह्यांचा गठ्ठा. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. राहवेना म्हणून मी विचारलं, “बाई, एक सांगा. तिसऱ्यांदा लावायला सांगितलंत तेव्हा काय दिसलं तुम्हाला?”

“मला? काही नाही. माझं पहिल्यांदाच ठरलं होतं. तात्यांना ते बारीक नीट दिसत नव्हतं, म्हणून परत लावायला सांगितलं.”